निगराणी हवी, जासूसी नको

२०२४ च्या दिवाळीच्या सुट्टीनंतरची गोष्ट. प्रथम सत्राचे निकाल वाटून झाले, पालक पांगले आणि वर्गात एक आई तेवढी बसून राहिली. वडाळा गावातून आली होती. सगळे गेल्याची खात्री करून तिने पिशवीतून रुमालात गुंडाळलेला मोबाइल काढला आणि माझ्यासमोर टेबलावर ठेवला.

"टीचर, याचा पॅटर्न उघडून द्या. आणि आत काय लिहिलंय ते मला वाचून दाखवा."

मोबाइल तिच्या नववीतल्या मुलीचा होता. तीन दिवसांपूर्वी काढून घेतलेला. मुलगी पॅटर्न सांगत नव्हती. आईला संशय होता, पण कशाचा ते तिलाही नीट सांगता येत नव्हतं. रात्री हसते, कोणी आलं की पालथा ठेवते, एवढंच. मग आवाज खाली करून ती म्हणाली, "हिच्या अब्बूंनी सांगितलंय, काही निघालं तर पुढच्या वर्षी दहावीला बसवायचं नाही."

मी तो मोबाइल उघडला नाही. मी फार तत्त्वाची आहे म्हणून नव्हे. दोन वर्षांपूर्वी माझ्या घरात मी स्वतः हेच केलं होतं, आणि त्याची किंमत माझ्या मुलीने भरली होती. ते आज पहिल्यांदाच लिहिते आहे. लेकीला विचारून लिहिते आहे.

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा मुलांच्या हातात मोबाइल कोणी दिला? आम्ही शिक्षकांनीच. उर्दूचा सबक मी आवाजात भरून वर्गाच्या व्हॉट्सअॅप गटावर पाठवत होते. जुन्या नाशकात एका खोलीच्या घरांतून तीन तीन भावंडं एका मोबाइलवर आळीपाळीने अभ्यास करत होती. ज्यांच्याकडे नव्हता त्यांच्या आईवडिलांनी हप्त्यावर घेतला. शाळा पुन्हा भरल्या, वह्या परत आल्या, पण मोबाइल मुलांच्या हातातून काही परत आला नाही. माझ्या थोरल्या लेकीच्या हातातही तो तसाच राहिला.

२०२२ साली ती नववीत होती. काचेवर उमटलेल्या बोटाच्या रेघेवरून मी तिचा पॅटर्न ओळखला. ती झोपली की मी स्वयंपाकघरात जाऊन तिचा मोबाइल वाचायचे. चार महिने वाचला. बहुतेक वेळा काही नसायचं. गृहपाठाचे फोटो, मैत्रिणींची थट्टा, मेंदीची नक्षी, कधी माझ्याच तक्रारी. काही नाही हे पाहून मला समाधान वाटायला हवं होतं. ते काही वाटत नव्हतं. दुसऱ्या रात्री पुन्हा हात तिकडेच जायचा.

एका रात्री मैत्रिणीचा संदेश दिसला. उद्या आण, पण घरी कोणाला कळू देऊ नकोस, असा. पहाटे फजरला लेक उठली तेव्हा मी तिच्या अंथरुणाशी उभी होते. काय आणायचंय? कोणासाठी? घरी काय कळायला नको? वजूही करू दिला नाही मी तिला. ती कितीतरी वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "अम्मी, तू माझा मोबाइल वाचलास?" आणि मग सांगितलं. मैत्रिणीच्या वडिलांचं काम सुटलं होतं. सहलीचे पैसे भरायला तिच्याकडे नव्हते. माझी लेक स्वतःच्या ईदीतून ते देणार होती. मैत्रिणीला लाज वाटत होती म्हणून घरी सांगायचं नव्हतं.

लेक रडली नाही. मोबाइल माझ्या हातात देऊन म्हणाली, "आता तूच ठेव." मला त्या वेळी फक्त माझी चूक दिसली. आणखी एक गोष्ट नंतर लक्षात आली. मी फक्त माझ्या मुलीचं वाचलं नव्हतं, त्या दुसऱ्या घराची अब्रूही उघडून पाहिली होती. एका मोबाइलमध्ये दहा घरांच्या गोष्टी असतात. त्या पोरींनी एकमेकींकडे ठेवलेली ती अमानत असते. तिला हात लावायची परवानगी मला कोणी दिली होती?

पुढच्या वर्षी खरं संकट आलं. कोणीतरी माझ्या लेकीचा फोटो लावून तिच्या नावाने खोटं खातं उघडलं आणि तिच्या वर्गातल्या मुलींना घाण संदेश पाठवायला सुरुवात केली. लेकीला हे पहिल्या दिवशीच कळलं होतं. मला एकोणीस दिवसांनी कळलं, तेही दुसऱ्या एका मुलीच्या आईकडून, भाजी घेताना, चौक मंडईत. एकोणीस दिवस ती शाळेत जात होती, घरी येत होती, माझ्या शेजारी बसून जेवत होती.

मी विचारलं, "मला का नाही सांगितलंस?"

"तू म्हणाली असतीस, मोबाइल हवाच कशाला होता."

खरं सांगायचं तर तेच वाक्य त्या क्षणी माझ्या ओठांवर होतं.

तिचे अब्बू तिला घेऊन सायबर पोलीस ठाण्यात गेले, रीतसर तक्रार दिली आणि ते खातं बंद झालं. तक्रारीसाठी फोटो कुठून गेला ते शोधायला बसलो तेव्हा उत्तर सापडलं. तो फोटो लेकीने कुठेच टाकलेला नव्हता. शाळेच्या स्नेहसंमेलनाचा तो फोटो मीच कौतुकाने माझ्या फेसबुकवर टाकला होता, सगळ्यांना दिसेल असा. चार महिने मी तिच्या मोबाइलवर पहारा दिला आणि दार उघडं राहिलं होतं ते माझ्या मोबाइलचं.

मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवते. उर्दूच्या वर्गात 'तजस्सुस' हा शब्द येतो तेव्हा मी त्याचा अर्थ जिज्ञासा असा सांगते. मुलांमध्ये तजस्सुस असावा, असं आम्ही प्रगतिपुस्तकातही लिहितो. पण अरबीत या शब्दाचा अर्थ पाळत ठेवणं, हेरगिरी करणं असा आहे. 'जासूस' त्याच मुळातून आला. पवित्र कुरआनच्या सूरह हुजुरातमधील बाराव्या आयतीत फार संशय घेऊ नका असं बजावलं आहे, त्यालाच लागून पाळत ठेवण्यास मनाई केली आहे आणि मग गीबतीला, म्हणजे पाठीमागे वाईट बोलण्याला. हा क्रम मी कितीदा वाचला असेन. माझ्या घरात तो त्याच क्रमाने घडला तेव्हा समजला. आधी संशय, मग पाळत, आणि मग बहिणीला फोन करून "काय सांगू, आजकालच्या मुली" ही गीबत.

हजरत उमर (रजि.) यांची एक रिवायत आपण बयानांत अनेकदा ऐकलेली असते. रात्री मदीनेत फिरताना एका घरातून आवाज आला म्हणून ते भिंत ओलांडून आत गेले. तो माणूस गुन्हा करतच होता. पण त्याने खलीफांना सांगितलं की माझी चूक एक आहे, तुमच्या तीन आहेत. पाळत ठेवलीत, दारातून न येता भिंतीवरून आलात आणि परवानगी न घेता आलात. हजरत उमर यांनी ते मान्य केलं. एवढ्या मोठ्या खलीफांना जे मान्य करायला कमीपणा वाटला नाही, ते मुलांसमोर मान्य करायला आपल्याला का वाटावा?

याचा अर्थ आईवडिलांनी डोळे मिटून घ्यावेत असा मुळीच नाही. प्रत्येक माणूस राखणदार आहे आणि त्याच्या ताब्यात दिलेल्यांबद्दल त्याला विचारलं जाईल, या आशयाची हदीस बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. म्हणजे राखण करणं हे आपलं कर्तव्यच आहे. फरक समजायला आपल्या नाशिकच्या द्राक्षबागा पुरेत. राखणदार बागेत उघड बसतो. तो तिथे आहे हे सगळ्यांना माहीत असतं आणि त्याच्या असण्यानेच निम्मं काम होतं. जो लपून बसतो त्याला आपण राखणदार म्हणत नाही. मुलाला माहीत आहे, नियम आधी सांगितला आहे, ती निगराणी. मुलाला माहीत नाही, ती जासूसी.

सूरह नूरच्या ५८ व्या आयतीत लहान मुलांनी दिवसातून तीन वेळा मोठ्यांच्या खोलीत विचारून यावं असं शिकवलं आहे, फजरच्या आधी, दुपारच्या विश्रांतीला आणि ईशानंतर. पुढच्याच आयतीत सांगितलं आहे की ती वयात आली की त्यांनी मोठ्यांप्रमाणे नेहमीच परवानगी घ्यावी. वयाबरोबर पडदा वाढतो, हा यातला धडा. ज्यांना आपण दार वाजवायला शिकवतो, त्यांचं दार आपणही वाजवायला हवं, असं मला वाटतं.

मग निगराणी करायची कशी? मला याचं उत्तर सांगली जिल्ह्यातल्या एका गावाकडून मिळालं. कडेगाव तालुक्यातील मोहित्यांचे वडगाव. करोनाच्या काळात मुलांच्या हाती गेलेला मोबाइल सुटेना, म्हणून १५ ऑगस्ट २०२२ पासून गावाने ठरवलं की संध्याकाळी ७ वाजता देवळावरचा भोंगा वाजेल आणि ८.३० पर्यंत गावातले टीव्ही आणि मोबाइल बंद राहतील. या निर्णयात महिलांच्या ग्रामसभेचा मोठा वाटा होता. सरपंच विजय मोहिते आणि गावकऱ्यांना सुरुवातीला घरोघरी जाऊन समजवावं लागलं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये यवतमाळ जिल्ह्यातील पुसद तालुक्यात बांशी ग्रामपंचायतीने १८ वर्षांखालील मुलांना मोबाइल वापरायला बंदी करणारा ठराव केला. दोन्ही गावांची काळजी खरी होती. पण बांशीचा नियम फक्त मुलांना होता, वडगावचा मोठ्यांनाही. मुलगा पुस्तक उघडतो तेव्हा बापाचीही मालिका बंद होते. आपल्या घरांना वडगावचा रस्ता जवळचा आहे. आता तर देशच्या देश कायदे करू लागले आहेत. ऑस्ट्रेलियात १० डिसेंबर २०२५ पासून १६ वर्षांखालील मुलांना समाजमाध्यमांवर खातं ठेवता येत नाही. पण कुठलाही कायदा जेवणाच्या दस्तरखानावर येऊन बसत नाही. तिथे आपणच असतो.

आमच्या घरात वेळ ठरवायला वेगळा भोंगा लागला नाही. मगरिबची अजान झाली की सगळे मोबाइल फ्रिजवरच्या टोपलीत जातात आणि ईशानंतर बाहेर येतात. सव्वा-दीड तास होतो. पहिल्या आठवड्यात नियम कोणी मोडला असेल? मी. शाळेच्या गटावर काहीतरी आलं असेल म्हणून तीनदा टोपलीपाशी गेले. धाकट्याने मोजलं होतं. यांनी दोनदा मोडला, क्रिकेटच्या धावा पाहायला. मुलांनी एकदाही नाही. रात्री झोपतानाही सगळ्यांचे मोबाइल स्वयंपाकघरात चार्जिंगला असतात, माझ्यासकट.

वयाप्रमाणे नियम बदलायला हवेत. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने दोन वर्षांखालील बाळाला पडदा अजिबात दाखवू नये आणि दोन ते पाच वर्षांच्या मुलाला दिवसाला जास्तीत जास्त एक तास, तोही मोठ्यांच्या सोबतीने, असं सांगितलं आहे. घास भरवताना हातात मोबाइल देणाऱ्या आपण सगळ्याजणींनी हे लक्षात ठेवावं. त्यापुढच्या मुलांसाठी गुगलचं फॅमिली लिंक आहे. त्यात वेळेची मर्यादा ठरवता येते आणि नवीन अॅप घ्यायला आईवडिलांची परवानगी लागते. हे सगळं मुलाला शेजारी बसवून करावं, त्याच्या पाठीमागे नाही.

व्हॉट्सअॅप आणि इन्स्टाग्राम यांनी कमीत कमी वय १३ ठेवलं आहे. आपली चौथी-पाचवीतली मुलं तिथे कशी पोहोचतात? खोटं जन्मसाल टाकून. आणि पुष्कळदा ते आईवडीलच टाकून देतात. पहिल्याच दिवशी आपण मुलाला खोटं बोलायला शिकवतो. त्याचा व्यवहारातला तोटाही मोठा आहे. खोट्या वयामुळे ते अॅप मुलाला मोठा माणूस समजतं, आणि अल्पवयीनांसाठी असलेलं संरक्षण त्याला मिळत नाही. इन्स्टाग्रामच्या किशोरवयीन खात्यात आईवडिलांना मूल कोणाशी बोलतं ते पाहता येतं, काय बोलतं ते वाचता येत नाही. राखणदाराला एवढं पुरतं.

आता एक कटू गोष्ट. मोबाइल तपासून द्या म्हणून शाळेत माझ्याकडे ज्या आया येतात, त्या मुलीचा घेऊन येतात. मुलाचा घेऊन आलेली आई मी अजून पाहिलेली नाही. मुलीच्या मोबाइलमध्ये एका मुलाचा नंबर सापडला तर तिची शाळा सुटते. मुलगा रात्री दोनपर्यंत काय पाहतो हे कोणी विचारत नाही. सूरह नूरमध्ये नजर खाली ठेवण्याचा आदेश आधी पुरुषांना आहे, ३० व्या आयतीत, आणि स्त्रियांना त्यानंतर. आमच्या टोपलीत धाकट्याचा मोबाइल बहिणीच्या आधी जातो. आणि ज्या मुलांनी माझ्या लेकीच्या नावाचं ते खातं पाहिलं, पुढे पाठवलं आणि हसले, त्यांच्या मोबाइलवर कोणाची निगराणी होती?

सगळ्यात महत्त्वाचा नियम मी शेवटी सांगते, कारण तो मला सगळ्यात उशिरा कळला. मुलांना आजच सांगून ठेवा, "कसलंही संकट आलं, तुझी चूक असली तरी, आधी मला सांग. सांगितलंस म्हणून मोबाइल जाणार नाही आणि शाळाही जाणार नाही." आणि दिलेला शब्द पाळा. मोबाइल जाईल या भीतीनेच मुलं गप्प राहतात, आणि धमकावणाऱ्याला नेमकं तेच हवं असतं. मूल जेवेनासं झालं, झोपेनासं झालं, घरातले पैसे जाऊ लागले, तर मोबाइल जरूर पाहा, पण त्याला शेजारी बसवून. धमकीचे संदेश पुसू नका, तेच पुरावे आहेत. मुलांसाठी मदतीचा क्रमांक १०९८ आहे, पैशांच्या ऑनलाइन फसवणुकीसाठी १९३०. नाशिकमध्ये सायबर पोलीस ठाणं आहे. तक्रारीला मुलीला एकटीला पाठवू नका. बाप सोबत गेला की तिची मान वर राहते.

त्या दिवशी मी वडाळ्याच्या त्या आईला हे सगळं सांगितलं नाही. एवढंच म्हटलं, "उद्या मुलीला घेऊन या. तिने स्वतः उघडला तर मी बसते." दुसऱ्या दिवशी तिघी बसलो. मी मुलीला आधी सांगितलं की आत काहीही असलं तरी तुझी दहावी होणार. हे सांगण्याचा मला अधिकार नव्हता, पण मी सांगितलं. बराच वेळ गेला. मग तिने पॅटर्न काढला. शिकवणीतल्या एका मुलाचे संदेश होते, चांगली दिसतेस, उत्तर का देत नाहीस, असे. हिने एक-दोनदा हसरा चेहरा पाठवला होता आणि नंतर उत्तर देणं बंद केलं होतं. थांबवायचं कसं ते तिला कळत नव्हतं, आणि सांगायचं कोणाला तेही. आईने पदराने डोळे पुसले आणि मुलीच्या डोक्यावरून हात फिरवला. मी तो नंबर कसा ब्लॉक करायचा ते दाखवलं.

त्या संध्याकाळी मी यांना सोबत घेऊन त्यांच्या घरी गेले. तिच्या अब्बूंशी बोलणं सोपं नव्हतं. चहा थंड होईपर्यंत ते काही बोलले नाहीत. मग त्यांनी विचारलं, "तुमच्या मुलीचं असं झालं असतं तर?" मी म्हटलं, "भाईजान, झालंय." आणि मग तोवर कोणाला न सांगितलेलं मी त्यांना सांगितलं.

यंदा ती मुलगी दहावीची परीक्षा देते आहे. परवा शाळेच्या फाटकाशी तिची आई भेटली. म्हणाली, "टीचर, आता ती मला स्वतःहून दाखवते. मला वाचता येत नाही ना, म्हणून वाचूनही दाखवते."

अल्लाह आपल्या मुलांची राखण करो, आणि आपल्याला उघड्या चेहऱ्याने त्यांची राखण करण्याची तौफीक देवो. आमीन.